पोर्टफोलिओ लावायला बसताय? आधी कपाटावरच्या शीट्स खाली काढा

इंटर्नशिपचा सीझन आला की माझ्या मेलमध्ये विद्यार्थ्यांच्या पोर्टफोलिओच्या, म्हणजे निवडक कामांच्या, पीडीएफ पडायला लागतात, "ताई जरा बघता का, काय चुकतंय कळत नाहीये" असं म्हणत. मी बी.आर्क. केलंय पण तिसऱ्या वर्षापासूनच अक्षरं, पोस्टरं, दुकानांच्या पाट्या यांच्या नादी लागले आणि आता पोटापाण्याचं काम म्हणजे इमारतींचं साइनेज (दिशा आणि नावांच्या पाट्या), त्यामुळे आर्किटेक्चर आणि ग्राफिक्स अशा दोन डगरींवर पाय असलेली पोरंपोरी हक्काने माझ्याकडे येतात. प्रत्येकाला फोनवर तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून ठेवतेय. सगळं माझ्या अनुभवातलं आहे, तुमच्या सरांचं वेगळं मत असेल तर त्यांचंही ऐका.

आधी गोळा करा

लेआउट, फॉन्ट, रंग हे सगळं नंतर. पहिलं काम हमालीचं आहे. कपाटावर, पलंगाखाली, मामाच्या माळ्यावर जिथे कुठे शीट्सच्या गुंडाळ्या आहेत त्या खाली काढा. गेटवे ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने काढलेल्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या शीट्स मोबाइलने फोटो काढून भागत नाही, कडा वाकड्या येतात आणि एका बाजूला सावली पडते. प्लॉटिंगच्या दुकानात मोठा रोल स्कॅनर असतो, तिथे ए-वन शीट सरळ जाते, ग्रेस्केलमध्ये ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करून मागा. आणि कॉलेजने शीट्स जमा करून घ्यायच्या आधी हे करा. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या निम्म्या शीट्स 'रेकॉर्डला' म्हणून ठेवून घेतल्या होत्या, वर्षभराने मागायला गेले तर रद्दीत गेलेल्या.

मॉडेलचं तर विचारूच नका. कोकणातल्या घराचं एक मॉडेल केलं होतं, जांभ्याचं जोतं, उतरतं कौलारू छप्पर, आत पडवी, ओटी, माजघर सगळं, छप्पर उचलून आतलं बघता यायचं. तीन रात्री जागून केलेलं. जुलैमधली जूरी (परीक्षकांसमोर काम मांडायचा दिवस), रिक्षा, आणि रिक्षाच्या उघड्या बाजूने आलेला पाऊस. पांढरा माउंटबोर्ड पाणी प्यायला की पापडासारखा वर उचलतो, कॉलेजच्या गेटपर्यंत माजघराची भिंत पडवीत आली होती. आदल्या रात्री एक फोटो काढायचा सुचला नाही, कारण 'जूरी झाली की निवांत काढू'. मॉडेल चिकटवून वाळलं की त्याच रात्री फोटो काढा, झोप गेली खड्ड्यात.

मग कमी करा

गोळा करून झालं की पंधरा-वीस प्रोजेक्ट्स होतात आणि सगळेच लाडके असतात. पाच ठेवा, फार तर सहा. ऑफिसमध्ये पोर्टफोलिओ बघणारा माणूस चहा पिता पिता बघतो, मधे साइटवरून फोन येतो, परत बघतो. त्याला वीस प्रोजेक्ट्स दिले तर तो विसावर लक्ष देत नाही, एकावरही देत नाही.

निवडायचं कसं? मी एक टेस्ट सांगते. प्रत्येक प्रोजेक्ट आईला किंवा रूममेटला दोन वाक्यांत सांगा, मराठीत, 'स्पेस', 'फ्लो', 'इंटरॅक्शन' हे तीन शब्द न वापरता. अडचण काय होती आणि तुम्ही त्यावर काय ठरवलं, एवढंच. जो प्रोजेक्ट सांगता येत नाही तो कितीही देखणा असला तरी बाहेर काढा, त्यात तुम्ही काही ठरवलेलंच नसतं, नुसतं काढलेलं असतं.

काही गोष्टी डोळे मिटून काढून टाका. पहिल्या वर्षातल्या चौकोन-त्रिकोणांच्या कॉम्पोझिशन्स. गटाने केलेली केस स्टडी, म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीचा अभ्यास. मुंबईच्या पोर्टफोलिओत आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची कांचनजंगा ही उंच निवासी इमारत असते आणि पुण्याच्या पोर्टफोलिओत त्यांचंच आयुका, ही खगोलशास्त्राची संस्था, असतं, इमारती ग्रेट आहेत त्यात वादच नाही, पण त्या कोरियांच्या आहेत, तुमच्या नाहीत. समोरच्याला कांचनजंगा १९८३ पासून माहितीये.

उलट जी गोष्ट मुलं लाजून काढून टाकतात ती ठेवा, म्हणजे मेजर्ड ड्रॉइंग, जुनी इमारत टेपने मोजून काढलेलं. वाड्याचं, देवळाचं, जुन्या बाजाराचं, कशाचंही. आमच्या बॅचने वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा बघितला होता, तेव्हा कळलं की देवडीतून चौकात येताना उंबरा किती उंच आहे हे फोटोत कळत नाही, टेप लावावी लागते. ऑफिसवाल्यांना हे फार आवडतं कारण त्यातून दिसतं की हा माणूस टेप घेऊन माळ्यावर चढलाय आणि जाड भिंतीची जाडी त्याने अंदाजाने लिहिली नाहीये.

एका प्रोजेक्टची पानं कशी लावायची

हे समजावायला माझ्याच थिसिसचं उदाहरण घेते, तालुक्याच्या गावातलं एसटी स्टँड. मी पहिल्यांदा लावलं तेव्हा पहिल्या पानावर पानभर रेंडर (कॉम्प्युटरवर केलेलं इमारतीचं खऱ्यासारखं चित्र), संध्याकाळचं आकाश, उडणारे पक्षी आणि स्टँडवर फिरणारे कोट घातलेले परदेशी लोक (ती रेडीमेड माणसं मिळतात ना, ती). मग कन्सेप्ट, मग बबल डायग्राम (कुठली जागा कशाशेजारी ते दाखवणारे गोल), मग प्लॅन. थोडक्यात इतर सगळ्यांसारखं.

नंतर एका सिनियरने झापल्यावर परत लावलं. पहिल्या पानावर फक्त एक ओळ, 'गाडी लागली का?' स्टँडवर बसून मी चार दिवस चौकशीच्या खिडकीपाशी लोक काय विचारतात ते वहीत लिहीत होते आणि फिरून फिरून प्रश्न हाच. गाडी लागली का, कुठल्या फलाटाला लागली. वहीच्या त्या पानाचा फोटो, चहाच्या डागासकट, ओळीखाली. दुसऱ्या पानावर जुन्या स्टँडचा प्लॅन आणि त्यावर चौकशीच्या खिडकीतून काढलेल्या नजरेच्या रेषा. बारापैकी सात फलाटांचे नंबर दिसतात, पाच खांबांआड जातात. म्हातारी माणसं सामान घेऊन त्या पाच फलाटांच्या मधे येरझारा घालतात कारण पाटी वाचायची तर गाडीच्या तोंडापर्यंत जावं लागतं.

तिसऱ्या पानावर मी काय ठरवलं ते. खांबांची रांग मागे सरकवली, छप्पर पुढे काढलं, आणि फलाटाचा नंबर खांबावर न रंगवता छपराच्या कडेला आडवा टांगला. त्याच पानावर डावीकडे सेक्शन (इमारत उभी कापल्यावर आतलं दिसेल तसं ड्रॉइंग) आणि उजवीकडे त्या पाटीचं अक्षरांसकट ड्रॉइंग. इथे आर्किटेक्चर कुठे संपतं आणि ग्राफिक्स कुठे सुरू होतं? मला तरी सांगता येत नाही, आणि म्हणूनच तो प्रोजेक्ट माझ्या पोर्टफोलिओत पहिला गेला. मग दोन पानं नीट ड्रॉइंग्ज आणि शेवटी अर्धं पान रेंडर, पक्ष्यांशिवाय.

क्रम लक्षात घ्या, प्रश्न, मग जागेवर काय दिसलं, मग निर्णय, मग ड्रॉइंग, रेंडर सगळ्यात शेवटी. एक फसलेला पर्यायही टाका, बटर पेपरवरचा, खोडलेला. मी आधी सगळे फलाट गोलाकार केले होते, प्लॅनमध्ये फार सुंदर दिसायचं पण बसला मागे घ्यायला जागाच उरत नव्हती. तो चुकीचा प्लॅन मी छोट्या साइजमध्ये ठेवला, खाली 'बस मागे कशी घेणार?' एवढंच लिहून, आणि मुलाखतीत सगळ्यात जास्त बोलणं त्याच्यावर झालं.

ड्रॉइंग परत काढा, हो, परत

इथे सगळ्यात जास्त लोक माती खातात. जूरीसाठी ए-वन शीटवर काढलेला प्लॅन तसाच उचलून पोर्टफोलिओत लहान करून टाकतात. ए-वनची ए-थ्री केली की सगळं बरोबर निम्मं होतं, ए-फोर केली तर साधारण ३५ टक्के. म्हणजे ०.१३ मिमीची फर्निचरची रेघ ए-थ्रीवर ०.०६५ होते, प्रिंटमध्ये ती एकतर गायब होते नाहीतर करडा धूर दिसतो. अडीच मिमी उंचीची अक्षरं सव्वा मिमी होतात, ती मुंगीला वाचता येतील. आणि कोपऱ्यात '१:१००' हे प्रमाण तसंच लिहिलेलं राहतं, जे आता साफ खोटं आहे, ए-फोरवर ते १:२८३ च्या आसपास जातं. म्हणून आकडा काढा आणि आडवी स्केलपट्टी टाका, ती ड्रॉइंगबरोबर लहान होते त्यामुळे कधी खोटं बोलत नाही.

बाकी, कॅड फाइल (कॉम्प्युटरवरचं मूळ ड्रॉइंग) उघडून पोर्टफोलिओसाठी वेगळी कॉपी करा. डायमेन्शन्सचा लेयर बंद. फ्लोअरिंगचे हॅच (भरणीच्या रेघा) बंद, नाहीतर टॉयलेटच्या टाइल्स पानावर काळा डाग होऊन बसतात. तीनच जाडीच्या रेघा ठेवा, कापलेलं ते जाड, दिसणारं ते मध्यम, फर्निचर आणि टेक्श्चर बारीक. डोळे किलकिले करून बघा, भिंती आधी दिसल्या पाहिजेत. उत्तर दिशा प्रत्येक प्लॅनवर हवी आणि शक्यतो सगळ्या प्लॅनवर एकाच बाजूला, पान उलटलं की इमारत फिरली असं व्हायला नको.

सेक्शनमध्ये माणसं टाका पण आपली. डोक्यावर पाटी घेतलेली बाई, सायकलवाला, नातवाचं बोट धरलेले आजोबा. स्वतः फोटो काढून त्यावरून ट्रेस केलीत तर तासाभरात दहा माणसं होतात आणि आयुष्यभर पुरतात.

मॉडेलच्या फोटोंचं पटकन सांगते. उत्तरेकडची खिडकी, दिवसाउजेडी, फ्लॅश बंद, मागे काळं कापड किंवा साधी चादर. मोबाइल मॉडेलच्या जमिनीच्या पातळीला आणा, ड्रोनसारखं वरून काढू नका. थोडं लांब उभं राहून झूम करा म्हणजे कडा फुगत नाहीत. झालं.

मराठी अक्षरं

आता माझा जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे जरा लांबेल.

ग्राफिक्सचे प्रोजेक्ट म्हणून बहुतेक जण एका काल्पनिक कॉफी शॉपचा लोगो, इंग्रजीत, आणि तो लोगो कपावर, टी-शर्टवर, पिशवीवर चिकटवलेले रेडीमेड मॉकअप दाखवतात. ते मॉकअप आम्ही सगळ्यांनी बघितलेत, तोच लाकडी टेबल, तीच कुंडी. त्यापेक्षा गल्लीतल्या खऱ्या पिठाच्या गिरणीची पाटी करा, गावच्या वाचनालयाची, एसटीच्या वेळापत्रकाची. मराठीत करा. कारण मराठी टाइप नीट हाताळता येणारी माणसं कमी आहेत आणि काम भरपूर आहे.

पण मग अक्षरं मोडू देऊ नका. मला दरवर्षी निदान दोन-तीन पोर्टफोलिओ असे येतात की ज्यात वेलांटी भलत्याच अक्षरावर गेलेली असते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले असतात. 'स्वच्छतागृह' हा शब्द टाइप करून बघा, स्टँडच्या साइनेजला तो लागतोच आणि परीक्षेला तो एकटा पुरतो. स्व, च्छ, गृ तिन्ही नीट जुळले तर सेटिंग बरोबर, नाहीतर हलंत लोंबकळताना दिसतील. पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये पॅराग्राफ पॅनलच्या मेनूत जाऊन 'अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर' निवडा, चित्रं काढायच्या इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसमधे टाइपखाली 'शो इंडिक ऑप्शन्स' चालू करा. बऱ्याच जणांना हे चार वर्षांत कुणी सांगितलेलं नसतं, ते बिचारे एकेक अक्षर कापून हाताने जोडत बसतात.

दुसरं, इंग्रजीत शीर्षकाची अक्षरं लांब लांब पसरवायची फॅशन आहे, ट्रॅकिंग वाढवून. देवनागरीला ते करू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द दातपडक्या फणीसारखा दिसतो. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, कारण आपल्याकडे वर मात्रा-रफार आणि खाली उकार, दोन्हीकडे वस्ती आहे. पाटीवर मराठी-इंग्रजी शेजारी असेल तर एकाच पॉइंटला (अक्षराच्या मापाला) मराठी बहुतेक वेळा लहान दिसते, तेव्हा मराठी थोडी मोठी करून डोळ्याने जुळवा, आकड्यावर विश्वास ठेवू नका.

फॉन्ट कुठला? मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला 'मुक्त' गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे, सात जाड्यांमध्ये येतो, पोर्टफोलिओच्या मजकुराला आणि पाटीला दोन्हीकडे चालतो. शीर्षकाला गमतीशीर हवं असेल तर त्यांचाच 'बलू' आहे. पूर्वी विंडोजबरोबर सरसकट येणारा 'मंगल' सुलेखनकार र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी केला, स्क्रीनवरच्या कामापुरता तो ठीकच आहे, पण तो ताणून पोस्टरचं हेडिंग करू नका. मराठी वळणाचा ल आणि श येतोय का तेही बघा, ज्या फॉन्टमध्ये सोय असते तिथे मजकुराची भाषा मराठी निवडली की अक्षर बदलतं. आणि अक्षरांकडे बघायची सवय लावायची असेल तर कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली अक्षरं शोधून बघा, नाटकाचा स्वभाव नुसत्या अक्षराच्या वळणावरून कळतो.

एकच पोर्टफोलिओ की दोन?

हा प्रश्न सगळे विचारतात. एकच. अर्धा आर्किटेक्चर, मधे रंगीत पान, मग अर्धा ग्राफिक्स अशी फाळणी केलीत तर आर्किटेक्टला ग्राफिक्सचा भाग टाइमपास वाटतो आणि डिझाइन स्टुडिओला आर्किटेक्चरचा. प्रोजेक्ट मिसळून लावा आणि कुणाला पाठवताय त्याप्रमाणे नुसता क्रम बदला, स्टुडिओला पाठवताना एसटी स्टँडमधली पाटी आधी, आर्किटेक्टला सेक्शन आधी. त्यासाठी प्रत्येक प्रोजेक्ट सम पानांवर संपवा म्हणजे उचलून इकडचा तिकडे ठेवता येतो.

पान आडवं ए-फोर घ्या किंवा ए-थ्री, चौरस पान दिसायला छान पण प्रेसमध्ये कागद वाया जातो आणि पैसे जास्त पडतात. एक फॉन्ट, दोन जाड्या, एक रंग. बस. बॅकग्राउंड काळं करायचा मोह होतो, माझंही होतं एकेकाळी, घरच्या प्रिंटरवर छापून बघा म्हणजे मोह उतरेल.

प्रेसमध्ये

छापायला गेलात की काउंटरवरचा दादा पहिलं विचारणार, "फॉन्ट कर्व्ह केलेत का?" म्हणजे अक्षरांचं आकारांत रूपांतर करून आणलंय का, कारण तुमचा फॉन्ट त्याच्या मशीनवर नसतो आणि पुष्कळ ठिकाणी अजून श्रीलिपी या जुन्या टायपिंग सॉफ्टवेअरवर काम चालतं, तिथे युनिकोड मजकूर फॉन्ट नसेल तर भलताच दिसू शकतो. कर्व्ह करून द्या, पण कर्व्ह न केलेली फाइल पेनड्राइव्हमध्ये बरोबर न्या. कर्व्ह केल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही, आणि चूक नेमकी काउंटरवरच दिसते.

चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारा जास्तीचा भाग). रंग सीएमवायके (छपाईच्या चार शाया). मजकुराचा काळा नुसता के १०० (फक्त काळी शाई), चार रंगांचा काळा ठेवलात आणि एक रंग जरासा सरकला की बारीक अक्षरांना भूत लागल्यासारखी सावली दिसते. सेंटर पिन (मधोमध पिना मारून) करणार असाल तर पानं चारच्या पटीत हवीत, ३४ झाली असतील तर दोन वाढवा किंवा दोन काढा (काढा). परफेक्ट बाइंडिंग (कण्याला गोंद लावून) करणार असाल तर दोन पानांवर पसरलेला प्लॅन टाळा, मधला जिना बाइंडिंगमध्ये जातो. आतली पानं १७० जीएसएम (कागदाचं वजन) मॅट, कव्हर ३०० वर मॅट लॅमिनेशन, आणि सगळं छापायच्या आधी एकच पान काढून बघा. स्क्रीनवरचं भगवं कागदावर विटकरी येतं, हे एका पानाच्या पैशात कळलेलं बरं.

नाव, श्रेय, मेल

कव्हरवर स्वतःच्या नावाआधी 'आर्किटेक्ट' लावू नका. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ प्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी झाल्याशिवाय ते बिरूद वापरता येत नाही, आणि बघणाऱ्याला ते पहिल्याच पानावर खटकतं. 'आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, चौथं वर्ष' यात कमीपणा काही नाही.

गटाने केलेल्या कामात तुम्ही काय केलं ते स्पष्ट लिहा, 'साइट मॉडेल आणि दोन्ही सेक्शन माझे, प्लॅन तिघांनी मिळून'. हे क्षेत्र एवढंसं आहे की तुमच्या पार्टनरचा पोर्टफोलिओ त्याच आठवड्यात त्याच टेबलावर येणार आहे. इंटर्नशिपमधली ऑफिसची ड्रॉइंग्ज विचारल्याशिवाय टाकायची नाहीत. रेंडर एआयने केलं असेल तर तसं लिहा, सेक्शनशी त्याच्या खिडक्या जुळत नाहीत हे आम्हाला दिसतंच.

मेलला जोडायची पीडीएफ १० एमबीच्या आत बसवा, जीमेल २५ पर्यंत घेतं पण समोरचा साइटवर उभा राहून मोबाइलवर उघडतो. चित्रं १५० डीपीआयला आणलीत की बहुतेक वेळा बसतं. पाठवायच्या आधी ती स्वतःच्या मोबाइलवर उघडून, उन्हात, एका हाताने चाळून बघा. मेलमध्ये चार ओळी, त्या ऑफिसचं कुठलं काम बघितलंय आणि कुठल्या महिन्यापासून मोकळे आहात ते. फाइलला 'पोर्टफोलिओ फायनल' नाव देऊ नका, माझ्या डाउनलोड्समध्ये आत्ता त्या नावाच्या अकरा फायली आहेत आणि कुठली कुणाची ते मला सांगता येणार नाही.